कॅम्परव्हॅनची मागची बॅटरी : ट्युब्युलर ठेवावी की लिथियम घ्यावी?

जुनी कॅम्परव्हॅन घेतलीत, फॉर्म २९-३० उरकले, आरसीवर नाव चढलं, मेकॅनिकने ब्रेक-क्लच बघून दिले, इथपर्यंत सगळं झालं आहे असं धरतो. यानंतरचा पहिला मोठा खर्च बहुतेकांना मागच्या बॅटरीवर करावा लागतो. पंखा, दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप हे सगळं जिच्यावर चालतं ती ही बॅटरी. वापरलेल्या गाडीत ती अनेकदा दमलेलीच मिळते, कारण विकायला काढलेली गाडी महिनोन्‌महिने उभी असते आणि उभ्या गाडीत सगळ्यात आधी बॅटरी जाते. दुकानात गेलात की दोन पर्याय समोर येतात : घरच्या इन्व्हर्टरला लावतो ती, पाणी घालावी लागणारी ट्युब्युलर लेड-ॲसिड, नाहीतर लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). मी दोन्ही वापरल्या आहेत. ट्युब्युलर गाडीसोबत आली होती, लिथियम नंतर बसवली.

आधी गरज किती ते बघू. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. कोकणातल्या उकाड्यात तो निम्मा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे दिवसाला ४५ ते ५० एएच (अँपिअर-तास). रात्रभर पंखा लावला की आणखी १५. दिवे, मोबाईल, पंप धरून ७०च्या आसपास जातं. ट्युब्युलर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून १५० एएचच्या बॅटरीतून हाताशी येतात ७५. लिथियम मात्र ८० ते ९० टक्के बिनधास्त वापरता येते. त्यामुळे १५०ची ट्युब्युलर आणि १००ची लिथियम यांची तुलना बरोबरीची मानायला हरकत नाही. एक उचलायला दोन माणसं लागतात, दुसरी एका हाताने बेडखाली सरकवता येते.

ट्युब्युलरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ती कुठेही मिळते. शहापूरला, घोटीला, जुन्नरला बंद पडली तरी बॅटरीवाला सापडतो आणि त्याला तिच्यातलं सगळं कळतं. जुनी दिली की नव्याच्या किमतीतून पैसे वजा होतात. चार्जिंगमध्ये थोडं कमी-जास्त झालं तरी ती निभावून नेते. लिथियमच्या आतला बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, बिघडला तर गावातला बॅटरीवाला काही करू शकत नाही, ती कुरिअरने परत पाठवावी लागते. पैशांचा फरकही आहेच. लिथियम आणि तिच्यासाठी लागणारा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना इंजिनकडच्या विजेवर मागची बॅटरी बेताने चार्ज करणारा डबा) धरला तर खर्च सहज दुपटीच्या वर जातो.

गाडीत ट्युब्युलरचे त्रासही आहेत. मुळात ती एका जागी बसून राहण्यासाठी बनवलेली उंच बॅटरी. कसारा घाटाच्या वळणांवर झाकणांच्या कडेने ॲसिडचा ओलसरपणा बाहेर येतो, टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरते, खाली गोणपाट असेल तर त्याला भोकं पडतात. पाण्याची पातळी दाखवणारी लाल खूण बघायला गादी उचला, फळी काढा, टॉर्च धरा. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून तिच्या पेटीला बाहेर उघडणारी नळी हवीच. पावसाळ्यात भंडारदऱ्याला काचा लावून झोपायची वेळ आली की ही नळी नीट आहे का, याची काळजी डोक्यात राहते. तरीही मी बॅटरी बदलली ती यातल्या कशामुळेही नाही.

बदलली ती पार्किंगमुळे. आमची सोसायटी घोडबंदर रोडची, पार्किंग स्टिल्टमध्ये. गाडीवर सोलर पॅनल आहे, पण वर काँक्रीटची स्लॅब. प्लग पॉइंट नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये एक आहे, तो कॉमन मीटरवर, आणि एका गाडीसाठी सगळ्यांच्या बिलातून वीज नको असं कमिटीने सांगितलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. ठाणे-नवी मुंबईत टॉवरमध्ये राहणाऱ्या बहुतेकांची हीच परिस्थिती असणार.

आता लेड-ॲसिडचा स्वभाव बघा. ट्युब्युलर असो, फ्लॅट प्लेट असो की सीलबंद एजीएम, तिला भरलेलं राहायला आवडतं. अर्धवट चार्ज ठेवली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे धरतात, ते हळूहळू घट्ट होतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. शिवाय ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर चार्ज होते, पण शेवटचे २० टक्के अगदी सावकाश घेते. चार्जर कितीही मोठा लावा, त्या शेवटच्या टप्प्याला काही तास लागतातच. भंडारदऱ्याहून ठाण्याला येताना चार-पाच तास इंजिन चालू असतं, तरी रविवारी रात्री मल्टिमीटर लावला की बॅटरी पूर्ण भरलेली नसायची. सोमवार ते शुक्रवार ती तशीच अर्धवट स्लॅबखाली. पुढच्या शनिवारी थोडी आणखी उतरलेली. पावसाळ्यात तर पॅनल उघड्यावरही नावापुरतंच काम करतं. म्हणून मी आठवड्यात मध्येच ऑफिसहून आल्यावर गाडी बाहेर काढायचो आणि कुठे जायचं नसताना गायमुखपर्यंत जाऊन यायचो, फक्त बॅटरीसाठी. डिझेल जाळून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, त्या हट्टी शेवटच्या २० टक्क्यांसाठी. एकदा घरच्यांनी विचारलं, ‘गाडी आपल्यासाठी आहे की आपण गाडीसाठी?’ त्यानंतर मी लिथियमची चौकशी सुरू केली.

एलएफपीचं याच बाबतीत अगदी उलट आहे. तिला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. उलट बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर ५० टक्क्यांच्या आसपासच बरी राहते. जवळजवळ भरेपर्यंत ती दिलेला करंट घेत राहते. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर असेल तर तीन तासांच्या प्रवासात ९० एएचच्या आसपास परत येतात. मानकोलीला गाड्यांच्या रांगेत अडकलो तरी तेवढ्यात मागे चार्जिंग चालू आहे, हे आता बरं वाटतं. रविवारी रात्री मेन स्विच बंद करून घरी जातो, शुक्रवारी येऊन चालू करतो. मधल्या दिवसांत बॅटरीची आठवणही येत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लिथियम थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, जोडू नका. तिचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी ट्रॅफिकमध्ये आयडलवर असते तेव्हा अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, आणि जुना अल्टरनेटर तापून जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर ही ओढ मर्यादेत ठेवतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागूनच फ्यूज हवा. तो तर ट्युब्युलर असो की लिथियम, दोन्हींना हवा, पण जुन्या गाड्यांत बघावं तर नसतोच. आणि साध्या व्होल्टमीटरवर विसंबू नका. ट्युब्युलरमध्ये विश्रांतीनंतर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, असं वाचता येतं. लिथियमचं व्होल्टेज मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १३च्या आसपास राहतं आणि मग एकदम कोसळतं. म्हणून शंटवाला मीटर लावा, तो बॅटरीत आलेला-गेलेला करंट मोजतो.

आगीची भीती मला शेजाऱ्यांनीही बोलून दाखवली. २०२२मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या सगळ्यांच्या मनात आहेत. लिथियममध्ये वेगवेगळ्या जाती आहेत आणि त्यांत एलएफपीची रसायनं अधिक स्थिर मानली जातात. तरी कुणीतरी सुटे सेल जोडून बांधलेला, बिननावाचा पॅक मी झोपायच्या गादीखाली ठेवणार नाही. खरेदी करताना बीएमएसचं ॲप उघडून चारही सेलचं व्होल्टेज बघा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच मागे असेल तर घेऊ नका.

सगळ्यांनी लिथियमच घ्यावी असं मला म्हणायचं नाही. बदलापूरला, पनवेलच्या पुढे बंगला असेल, गाडी दिवसभर उन्हात उभी राहत असेल किंवा अंगणातून वायर टाकता येत असेल, तर ट्युब्युलर स्वस्तात वर्षानुवर्षं काम देईल, मग जादा पैसे कशाला घालायचे? हिवाळ्यात स्पितीला जायचा बेत असेल तरीही विचार करा, कारण सेल शून्य अंशाच्या खाली गेले की लिथियम चार्ज करता येत नाही, चांगला बीएमएस चार्जिंग बंदच करतो. पण सह्याद्री आणि कोकण एवढाच पल्ला असेल आणि गाडी स्टिल्टमध्ये राहणार असेल, तर मी तरी लिथियमकडेच झुकेन.

एकदम एवढे पैसे काढणं जड जात असेल तर आधी चार्जर घ्या, बॅटरी नंतर. चांगल्या डीसी-डीसी चार्जरमध्ये लेड-ॲसिड आणि लिथियम अशा दोन्ही सेटिंग असतात. घेण्याआधी दुकानदाराला ते तेवढं विचारा. आज तो जुन्या ट्युब्युलरला लावता येईल आणि ती गेली की सेटिंग बदलून नवीला.