फाबर्जेचा १९०५ चा बुद्धिबळाचा पट, आणि तसाच जुना रशियन संच पारखताना

चांदी आणि रंगीत दगडांतल्या जुन्या रशियन खेळसंचांत सर्वांत सरस म्हणावा तो सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे या जवाहिऱ्यांच्या पेढीचा, १९०५ साली रशियन सेनानी जनरल कुरोपाटकिन यांना दिलेला बुद्धिबळाचा पट. कारागीर यालमार आर्मफेल्ट. एका बाजूच्या सोंगट्या तांबूस अव्हेंच्युरिनच्या (चमकत्या कणांचा दगड), दुसऱ्या बाजूच्या करड्या कल्कान जास्पर या दगडाच्या, आणि प्रत्येकीला चांदीची बैठक. घरे गडद हिरव्या नेफ्राइटची (जेडचा एक प्रकार) आणि जर्दाळू रंगाच्या सर्पेंटाइन या दगडाची. काळ्या-पांढऱ्याचा सोपा मार्ग टाळूनही चारही रंग एकमेकांपासून सुटे दिसतात. आमच्या मते या पटाचे खरे श्रेय चांदीपेक्षा या रंगजुळणीला आहे.

असा संच विकायला आला तर आधी चांदीचा टंच पाहावा. ठशातला ८४ हा आकडा ९६ भागांपैकी शुद्ध चांदीचे भाग सांगतो, म्हणजे ८७.५ टक्के. सोबतच्या छापातली मुकुटधारी स्त्री १८९९ ते १९०८ मध्ये डावीकडे पाहते, त्यानंतर उजवीकडे. विक्रेता १९०५ सांगतो आणि चेहरा उजवीकडे असेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत. आर्मफेल्टच्या कामावर 'या' आणि 'आ' ही दोन रशियन आद्याक्षरे हवीत. नुसते फाबर्जेचे नाव पुरावा धरू नये, कारण खऱ्या जुन्या चांदीवरही तो ठसा नंतर मारलेला सापडतो. दहापट भिंगाखाली पाहा: जुन्या ठशाच्या कडा वापराने गुळगुळीत झालेल्या असतात, आजूबाजूला झीज आणि ठसा मात्र करकरीत असे दिसले तर संशय घ्या.

दगडात फसवणूक जास्त होते. अव्हेंच्युरिनमधली चमक अभ्रकाच्या लहानमोठ्या, विस्कळीत पापुद्र्यांची असते. सगळे कण एकसारखे, तांब्यासारखे झगमगत असतील तर ती काच आहे. नेफ्राइटमध्ये तंतू दिसतात, बुडबुडे कधीच नाहीत.

सर्पेंटाइन या सगळ्यांत मऊ. हवेतल्या धुळीत गारगोटीचे (क्वार्ट्झचे) कण असतात आणि ते त्याला ओरखडतात, म्हणून सोंगटी सरकवू नये, उचलून ठेवावी. पट तिरप्या उजेडात धरा. भरपूर वापरलेल्या पटाची सर्पेंटाइनची घरेही नेफ्राइटइतकीच आरशासारखी असतील, तर पॉलिश नवे आहे किंवा घरे बदललेली आहेत.

बत्तीस सोंगट्यांत हरवतात ती प्यादी. एका रंगाची आठही ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. हातकामामुळे थोडा फरक राहतोच, पण एकच प्यादे फार वेगळे भरले तर त्याची बैठक तपासा. जुना चिकटा, म्हणजे लाख, वाळला की सोंगटी डुलते आणि मग कोणीतरी एपॉक्सी हा आधुनिक गोंद भरतो. अतिनील दिव्याखाली एपॉक्सी बहुधा निळसर-पांढरी उजळते, लाख नारिंगी.

चांदी उजळायचे बुडवण्याचे द्रावण आणि अल्ट्रासॉनिक यंत्र दोन्ही वर्ज्य. द्रावण सांध्यात मुरते, कंपनांनी चिकटा सुटतो. गरम पाण्यानेही लाख ढिली पडते. मऊ सुती कापड किंचित ओले करून पुसावे आणि लगेच कोरडे करावे. साठवताना लोकरी नमदा आणि रबर दूर ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. मूळ लाकडी पेटी असेल तर प्रत्येक सोंगटी तिच्या खाचेत नेमकी बसते का, ते पैसे देण्याआधी करून पाहावे.