अर्विंगमधील चर्चचे मोफत इंग्रजी वर्ग : शिकवणी उत्तम, नोंदणी अर्ज अपुरा

कराडच्या मराठी शाळेत आणि पुढे बी.कॉम.ला मी इंग्रजीत कधी कमी गुण मिळवले नाहीत. तरीही टेक्सासमधील अर्विंग येथे आल्यावर मुलाच्या दवाखान्यातून फोन आला की तो नवऱ्याच्या हाती द्यायचा, असा आमच्या घरचा शिरस्ताच पडून गेला होता. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे जोडीदाराला मिळणाऱ्या माझ्या एच-४ व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे घराबाहेर इंग्रजी कानावर पडण्याची संधीही बेताचीच होती. शेजारच्या तेलुगू बाईंनी जवळच्या एका चर्चमध्ये चालणाऱ्या मोफत वर्गांविषयी सांगितले आणि सप्टेंबर ते मे असे एक पूर्ण वर्ष मी तेथे गेले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत भरतो. शिकवणीचे शुल्क नाही. पुस्तकापोटी वर्षातून एकदा 20 डॉलर घेतात. त्याच इमारतीत मुलांसाठी विनामूल्य पाळणाघर आहे, आणि माझ्यासारख्या लहान मूल असलेल्या बाईच्या दृष्टीने निर्णय तेथेच होतो. सार्वजनिक ग्रंथालयातील संभाषण वर्गही मोफत असतो आणि तेथे धर्माचा प्रश्नच येत नाही, परंतु दोन वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे बसता येत नाही.

प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटे बोलायला लावतात, एक परिच्छेद लिहून घेतात आणि त्यावरून चारपैकी एका पातळीत बसवतात. मला तिसरी पातळी मिळाली. आमच्या शिक्षिका सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शाळामास्तरीण होत्या आणि मानधन न घेता शिकवत होत्या. मराठी माणसाचे इंग्रजी नेमके कोठे अडते, हे त्यांना मराठीचा एक शब्द न येताही दोन आठवड्यांत उमगले. ‘वेस्ट’ म्हणजे बंडी आणि ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, हे दोन शब्द देवनागरीत लिहिले तर एकसारखेच दिसतात, आणि माझ्या तोंडूनही ते एकसारखेच निघत. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि दुसऱ्यासाठी दोन्ही ओठांचा चंबू करायचा, हे त्यांनी हातात आरसा देऊन माझ्याकडून घोटून घेतले. ‘हॉटेल’चा जोर पहिल्या अक्षरावर नसून दुसऱ्यावर असतो, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळले. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मात्र वर्षअखेरपर्यंत मला चकवतच राहिली, कारण मराठीत त्यांच्या जागी काहीच नसते आणि नसलेल्या गोष्टीची आठवण ठेवणे फार अवघड जाते.

सर्वांत उपयोगी पडला तो फोनचा सराव. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि समोरच्याचे ओठ व हातवारे न दिसता दवाखान्याची वेळ घ्यायची. माझी जोडी व्हेनेझुएलाच्या एका बाईशी असे. आम्हा दोघींचे उच्चार परस्परांना सुरुवातीला इतके अनोळखी होते, की त्यानंतर खऱ्या दवाखान्यातील बाईंचे बोलणे सोपे वाटू लागले. मुख्य शिक्षिका रजेवर असल्या की येणारे बदली स्वयंसेवक मात्र नुसत्या गप्पा मारून वेळ काढत. असे पाच-सहा तास वाया गेले.

आता धर्माविषयी. वेळापत्रकात शेवटच्या पंधरा मिनिटांना ‘संस्कृती परिचय’ असे नाव होते. प्रत्यक्षात त्या वेळात बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील दाखले, म्हणजे येशूच्या बोधकथा, सोप्या इंग्रजीत वाचले जात आणि त्यावर चर्चा होई. उधळ्या पुत्राची कथा भूतकाळाची रूपे शिकवायला उत्तम आहे, हे मान्य. पण त्यात घरी परतलेल्या मुलासाठी बाप कापतो त्या पुष्ट वासराचा बाजारहाटात काही उपयोग होत नाही. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी आपले म्हणणे सांगण्यासाठी आधी आपली मराठी शिकून घेतली होती. येथे त्यांचेच देशबांधव त्याच हेतूने आम्हाला इंग्रजी शिकवत होते, आणि या उलट्या प्रवासाची मला गंमत वाटत असे.

धर्म बदला, असे मला एकदाही कोणी सुचवले नाही. अडचण होती ती भिडेची. जी बाई पावसात गाडीतून घरी सोडते आणि मुलासाठी थंडीचे कपडे आणून देते, तिने रविवारच्या प्रार्थनेला बोलावले तर नाही कसे म्हणायचे? भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. दोनदा मी गेले. तिसऱ्या वेळी शिक्षिकांना स्पष्ट सांगितले, की मला वर्ग हवा आहे, प्रार्थना नको. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या गुरुवारी पूर्वीइतक्याच आस्थेने मुलाच्या सर्दीची चौकशी केली. हे मला त्यांच्याविषयी आवर्जून नोंदवावेसे वाटते.

माझी तक्रार नोंदणी अर्जाविषयी आहे. त्यात बायबल वाचनाचा उल्लेख नाही. चर्चेस ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती चर्चसमूहाशी संबंधित ‘फ्रेंडस्पीक’ या इंग्रजी संभाषणाच्या उपक्रमात बायबलमधील उतारे हेच वाचनाचे साहित्य असते आणि ते लपवले जात नाही. येणारा माणूस ते जाणून येतो. येथेही ‘संस्कृती परिचय’ऐवजी ‘बायबल वाचन, ऐच्छिक’ एवढे छापले असते, तर माझ्या वर्गातील अफगाण बाई तिसऱ्या आठवड्यात वर्ग सोडून गेली नसती, असे मला वाटते. ती अवाक्षर न बोलता गेली आणि तिचे पुस्तक बाकावरच राहिले.

शिकवणीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, पारदर्शकतेला दोन. नोंदणी ऑगस्टमध्ये होते. वर्गाच्या जागा शिल्लक असल्या तरी पाळणाघराच्या जागा पहिल्याच सकाळी भरतात, म्हणून मुलाच्या लसीकरणाचा दाखला सोबत घेऊन लवकर जावे; आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत काय चालते व त्याआधी उठून गेले तर चालेल का, हे तेथील टेबलावरच विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते. चालते, असे नंतर कळले.