कार्ड खरं, डबी खोटी : ग्रिफीच्या रूकी कार्डाच्या व्यवहारात होणारी फसवणूक

बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं अप्पर डेक कंपनीचं रूकी कार्ड (म्हणजे कारकिर्दीच्या सुरुवातीचं कार्ड), क्रमांक १, आपल्याकडे असावं असं बेसबॉल कार्डं जमवणाऱ्या बहुतेकांना वाटतं. ते दुर्मीळ मात्र नाही. छापलं गेलं भरपूर, आणि सुटं कार्ड आजही परवडतं. महाग आहे ती पीएसएची, म्हणजे कार्डं तपासून १ ते १० अशी श्रेणी देणाऱ्या कंपनीची, १० ची श्रेणी. ८ आणि १० मधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असतो. भामटे त्यावरच पैसे कमावतात. अस्सल पण ८ च्या दर्जाचं कार्ड घ्यायचं आणि १० च्या बनावट स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, घालून विकायचं.

न्यू जर्सीतल्या एका मराठी संग्राहकाचे पैसे असेच गेले. किंमत बाजारभावापेक्षा जेमतेम थोडी कमी होती, त्यामुळे संशय आला नाही. लेबलवरचा क्रमांक पीएसएच्या संकेतस्थळावर टाकला, तर तेच वर्ष, तेच कार्ड, तीच श्रेणी दिसली. तिथेच त्यांची खात्री पटली. पण क्रमांक जुळला याचा अर्थ एवढाच, की त्या क्रमांकाचा एक खरा स्लॅब कुठेतरी आहे. जुन्या लिलावाच्या फोटोवरून कुणीही तो क्रमांक उचलून बनावट लेबलवर छापू शकतो. पुढे त्याच क्रमांकाचा एक जुना विक्रीचा फोटो सापडला. त्यातल्या कार्डावर टोपीशेजारी छपाईचा बारीक पांढरा ठिपका होता. यांच्या कार्डावर तो नव्हता.

म्हणून क्रमांक तपासून थांबू नका. पीएसएच्या नोंदीत फोटो असेल तर कोपरे, कडा आणि ठिपके एकेक करून ताडून पाहा. फोटो नसेल तर तो क्रमांक जुन्या विक्रीच्या नोंदींत शोधा. आणि सगळ्यात सोपी परीक्षा सेंटरिंगची, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध आहे याची, जी पैसे देण्याआधीच करता येते. विक्रेत्याकडून समोरून सरळ काढलेला मोठा फोटो मागवा आणि पांढऱ्या कडा मोजा. डावी ३.५ आणि उजवी १.५ भरली, तर प्रमाण ७०/३०. पीएसए १० ला पुढच्या बाजूला आता साधारण ५५/४५ मागते, पूर्वी ६०/४० पर्यंत चालत असे. मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत सूट आहे. ७०/३० चं कार्ड १० होऊच शकत नाही, लेबल काहीही म्हणो. या व्यवहारातलं कार्ड नेमकं तसंच होतं, आणि विक्रीच्या फोटोतही ते दिसत होतं.

स्लॅब हातात आल्यावर कडांवर तिरका प्रकाश पाडा. खऱ्या स्लॅबचे दोन भाग ध्वनिलहरींनी जोडलेले असतात. शिवणीवर गोंदाचा माग, पात्याने उचकटल्याचे ओरखडे किंवा मध्येच पांढुरके पट्टे दिसले, तर तो उघडून पुन्हा बंद केलेला असू शकतो. शेजारी त्याच काळातलं लेबल असलेला दुसरा खरा स्लॅब ठेवून अक्षरांची जाडी आणि बारकोड पाहा. वेगळ्या काळातलं लेबल घेऊन तुलना करू नका, कारण पीएसएने रचना बदललेल्या आहेत.

सुटं कार्ड घेताना धोका वेगळा असतो. डॉनरस कंपनीच्या १९८४ च्या डॉन मॅटिंगली या खेळाडूच्या रूकी कार्डाच्या नकला बाजारात फिरत होत्या, त्या काळात अप्पर डेक आली आणि १९८९ च्या पहिल्याच संचापासून कार्डामागे होलोग्राम लावला. कार्ड हलवलं की खऱ्या होलोग्राममधलं चित्र बदलतं. नकली नुसता चंदेरी चमकतो. त्याच संचातलं एखादं साधं कार्ड अगदी किरकोळ पैशांत मिळतं. ते जवळ ठेवाच! दहापट भिंगाखाली दोन्हींचा कागद, रंगांचे ठिपके आणि काळी अक्षरं ताडा. स्कॅन करून छापलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा ठिपक्यांत विरतात. माप ६३.५ गुणिले ८८.९ मिलिमीटर हवं. आखूड भरलं तर कडा कापलेल्या असू शकतात.

या संग्राहकाचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते पैसे देण्याच्या पद्धतीने. ‘फी वाचेल’ म्हणून विक्रेत्याने त्यांना विक्रीच्या साइटबाहेर नेलं आणि पेपालवर फ्रेंड्स अँड फॅमिलीने, म्हणजे ओळखीच्यांना पैसे पाठवायच्या पद्धतीने, पैसे मागवले. त्या पद्धतीत खरेदीदाराला पेपालचं संरक्षण मिळत नाही. झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेचंही तेच. पेपालच्याच गुड्स अँड सर्व्हिसेस या खरेदीसाठीच्या पद्धतीने दिले असते, तर १८० दिवसांत तक्रार करता आली असती. फी लागते ती लागू द्या, मागितली तर स्वतः भरा. ईबेवर घेत असाल, तर त्या कार्डाला ऑथेंटिसिटी गॅरंटी, म्हणजे ईबेची अस्सलपणाची तपासणी, लागू आहे का ते आधी पाहा.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. संशय आला तर डबी फोडू नका, तोच पुरावा आहे. क्रेडिट किंवा डेबिट कार्डने पैसे दिले असतील तर बँकेला लगेच कळवून चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागा. अमेरिकेत एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करा, आणि पार्सल टपालाने आलं असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तोही त्याच दिवशी.