दिवाळी ते पावसाळा: एका लॅपटॉपची बॉडी, हिंज आणि बारीक खोडी

कंपनीचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. ६० हजारांच्या आसपासच्या कुठल्याही चौदा इंची लॅपटॉपमध्ये या खोडी कमी-जास्त सापडतील, आणि नाव घेतलं की बोलणं लॅपटॉपवरून घसरून कंपनीवर जातं. दिवाळीच्या सुमारास घेतला, आता पावसाळा अर्धा झालाय. रोज घरून अंबड एमआयडीसीत जातो-येतो, दिवसभर एक्सेल, ड्रॉइंग आणि मेल, रात्री मुलीच्या कॉलेजचं काम. वेगाबद्दल तक्रार नाही, त्यामुळे त्यावर लिहीतही नाही.

माझं काम प्लास्टिक मोल्डिंगच्या तपासणीचं. गाड्यांचे पार्ट मशीनमधून निघतात, त्यात सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खळगा), बर (कडेला राहिलेलं जास्तीचं प्लास्टिक), वाकलेली कड शोधायची. त्यामुळे नवी वस्तू हातात आली की मला आधी तिची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, दिसते, मग वस्तू. बायको याला रोग म्हणते. पण या रोगामुळे एक सवय लागलीये: दोष दिसला की तो किती मोठा आहे हे नंतर बघायचं, आधी तो वाढणारा आहे की आहे तिथेच राहणारा, ते बघायचं. हा लॅपटॉपही मी त्याच नजरेने वापरला.

जाहिरातीत ‘मेटल बॉडी’ लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या धंद्यात बॉडीचे चार भाग धरतात. झाकणाची पाठ म्हणजे ए कव्हर, स्क्रीनभोवतीची पट्टी बी, कीबोर्ड आणि तळहात टेकायची जागा सी, आणि तळ डी. माझ्यात ए आणि सी अ‍ॅल्युमिनिअम, बी आणि डी प्लास्टिक. या किमतीला हे चांगलंच म्हणायचं, कारण पुष्कळदा फक्त झाकण मेटलचं असतं आणि तेवढ्यावर सगळी बॉडी मेटलची ठरते. डिसेंबरात सकाळी सातला उघडला की तळहाताखालचं ते अ‍ॅल्युमिनिअम असं गार लागतं की नाशिकच्या थंडीत पहिले दोन मेल बाही ओढून लिहायचे.

घेतल्याच्या आठवड्यातच पुढच्या कडेला सी आणि डी कव्हरच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) घालून बघितला. डावीकडे ०.१५ मिमीची पट्टी जेमतेम जाते, उजवीकडे ०.४० ची आरामात. नखाला लागते, डोळ्याला सहसा दिसत नाही. जूनमध्ये परत मोजलं, आकडे तेच. म्हणजे तळ मोल्डमधून निघतानाच थोडा पिळलेला होता, आणि तो तसाच राहणार. कीबोर्ड मधोमध दाबला तर किंचित खाली जातो, तेही पहिल्या दिवशी होतं तेवढंच आहे. अशा गोष्टींवरून दुकानात हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पार्ट बदलून आला तरी दुसऱ्या कुठल्या तरी कडेला फट असेल.

हिंजचं, म्हणजे झाकणाच्या बिजागरीचं, मात्र तसं नाही. दुसरा एसएसडी टाकायला तळ उघडला तेव्हा खरी रचना दिसली. सी कव्हर वरून मेटल आहे, पण तो नुसता पातळ पत्रा. त्याला आतून प्लास्टिकची चौकट चिकटवलेली, त्या चौकटीत उभे खांब, म्हणजे आमच्या भाषेत बॉस, प्रत्येक बॉसमध्ये गरम करून दाबून बसवलेला पितळी इन्सर्ट (आटे असलेली बारकी नळी), आणि हिंजचे स्क्रू त्या इन्सर्टमध्ये. झाकण उघडताना जो जोर लागतो तो शेवटी या चार-सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकवर येतो. ज्या मेटलवर आपण बोटं वाजवून खूश होतो, त्याचा या कामात काही वाटा नाही. लॅपटॉपची हिंज तुटली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हिंज धडधाकट असते, इन्सर्ट प्लास्टिकमधून उपटून आलेला असतो.

आणि हिंज जितकी कडक, तितका बॉसवर ताण जास्त. दुकानात कडक हिंज ‘मजबूत’ वाटते. झाकण जागचं हलत नाही, विक्रेताही तेच दाखवतो. मला विचाराल तर झाकण एका बोटाने उघडावं आणि तळ टेबलावरून उचलला जाऊ नये. माझ्यात तळ उचलला जायचा. त्यात मुलीला झाकण उजव्या कोपऱ्याला धरून उघडायची सवय, त्यामुळे सगळा पीळ एकाच बाजूवर. मार्चपासून उजवीकडे ‘कट्’ असा आवाज यायला लागला. झाकण नव्वद अंशांच्या पुढे गेलं की मागच्या कडेची फट केसभर उघडायची आणि परत मिटायची. परत तळ उघडून टॉर्च मारला. इन्सर्ट घट्ट होता, पण बॉसच्या मुळाशी काळं प्लास्टिक पांढरं पडलं होतं, नखाच्या कोराएवढं. पीसी-एबीएसला (या प्रकारच्या प्लास्टिकला) सोसवेल त्याच्या पलीकडे ताण आला की ते आधी असं पांढरं पडतं, मग चीर जाते. कारखान्यात असा पार्ट आला तर मी नापास मालाच्या लाल खोक्यात टाकतो.

सर्व्हिस सेंटरच्या पोराने झाकण दोनदा उघडमीट केलं आणि म्हणाला, “साहेब, एवढा आवाज सगळ्यांनाच येतो.” मी म्हटलं, “येऊ दे, पण जॉबशीटवर लिही.” त्याला ते लिहायचं नव्हतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा: हिंज पूर्ण निखळल्यावर गेलात तर बहुतेक ठिकाणी ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून वॉरंटीबाहेर काढतात. आवाज येत असतानाच तक्रार कागदावर आली पाहिजे, व्हिडिओसकट. दोन चकरांनंतर हिंजची जोडी बदलून मिळाली. नवी जोडी बरीच सैल आहे, आता झाकण एका हाताने उघडतं. सी कव्हर मात्र ‘क्रॅक नाही’ म्हणून बदललं नाही. म्हणजे पांढरा पडलेला बॉस अजून आतच आहे. मुलीला ताकीद दिलीये: झाकण मधोमध धरायचं. आठवण राहावी म्हणून कॅमेऱ्याच्या वर टेपचा बारका तुकडा लावलाय.

स्क्रीन १९२० बाय १२००, १६:१० आकाराची. एक्सेलमध्ये खाली दोन-चार ओळी जास्त दिसतात, एवढ्यावर मी खूश आहे. स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याचा आकडा ४५ टक्के एनटीएससी (रंग मोजायची जुनी पट्टी), म्हणजे एसआरजीबीच्या (आजच्या नेहमीच्या पट्टीच्या) साधारण ६२-६५ टक्के. लाल रंग विटकरीकडे झुकतो. फोटोचं काम करणाऱ्याने हा पॅनेल घेऊच नये. अंधारात काळा वॉलपेपर लावला की डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजेड झिरपतो. डोकं हलवल्यावर डाग सरकला किंवा फिका झाला तर तो आयपीएस प्रकारच्या स्क्रीनचा नेहमीचा ग्लो, हलला नाही तर पट्टीचा दाब कमी-जास्त आहे. माझा हलत नाही, पण वाढलाही नाही, म्हणून सोडून दिला.

वाढणारी खोड दुसरी आहे. बॅगेत पाठीचा दाब पडून कीबोर्डच्या बटणांचे चौकोनी तेलकट ठसे स्क्रीनवर उमटतात. ए कव्हर मेटलचं असलं तरी पातळ आहे, मधोमध दाबलं की वाकतं, आणि स्क्रीनभोवतीचं रबर इतकं बुटकं की काच बटणांना टेकते. गाडीवर बॅग पाठीला, त्यात पाथर्डी फाट्याकडचे स्पीडब्रेकर. ठसे पुसले की जातात, पण त्यात धुळीचा कण अडकला तर कायमचा ओरखडा पडणार. मध्ये एक पातळ मायक्रोफायबरचं कापड ठेवून बंद करतो. ते घालायला मुलगी विसरते, मी नाही.

धुळीवरून आठवलं. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते उकरलेत आणि ती सगळी धूळ पंख्यात येते. एप्रिलच्या उन्हात पंखा नुसता ओरडायला लागला. तळ उघडला तर हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी नमदा बसलेला. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते. साफ केल्यावर आवाज गेला. ही खोड लॅपटॉपची नाही, पण तळाचे स्क्रू साधे फिलिप्स आहेत आणि रबरी पायांखाली लपवलेले नाहीत, याचं श्रेय कंपनीला.

ट्रॅकपॅडचा डावा खालचा कोपरा पहिल्यापासून खुळखुळतो. पॅड वरच्या कडेला टेकलेलं असतं आणि क्लिक खालच्या कडेला होते, त्यामुळे खाली थोडा लूज राहिला की असा आवाज येतो. आत अर्ध्या केसाची शिम (फट भरायची पातळ चकती) घातली तर जाईल, हात शिवशिवतात, पण वॉरंटी आहे तोवर गप्प बसलोय. मात्र पॅड वर उचललं गेलं, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर खुळखुळ म्हणून सोडू नका. खाली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग बंद करून थेट दुरुस्तीला न्यायचा. माझी बॅटरी ठीक आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवलीये, आणि विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता अधूनमधून ताडून बघतो.

एक तक्रार निघाली ती लॅपटॉपची नव्हतीच. पंचवटीत माझ्या आईकडे गेलो की मुलगी म्हणायची, “बाबा, हा चावतो.” चार्जिंगला लावून मनगट टेकलं की झिणझिण्या. टेस्टर लावला तर अ‍ॅल्युमिनिअमवर मंद पेटला, आई घाबरलीच. पण आमच्या फ्लॅटमध्ये काहीच व्हायचं नाही. अ‍ॅडॉप्टरमध्ये विजेचा गोंगाट दाबायला वाय-कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट गळतो. अर्थिंग असेल तर तो तिकडून जमिनीत जातो, नसेल तर मेटलवर येऊन बसतो. एवढ्याने माणसाला इजा होत नाही. वायरमनने सॉकेट खोललं: तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. अख्ख्या जुन्या घरात तीच गत. लॅपटॉपच्या निमित्ताने गिझरच्या सॉकेटला अर्थिंग आलं हे उत्तम झालं, तिथे प्रश्न झिणझिण्यांचा नव्हता.

पोर्ट अजून घट्ट आहेत. साध्या यूएसबी-ए पोर्टचं मानक १,५०० वेळा घालण्या-काढण्याचं, टाइप-सीचं १०,०००. चार्जिंग टाइप-सीवर आणि तो पोर्ट मदरबोर्डवरच जोडलेला, हे मला आवडलं नाही. छोट्या वेगळ्या बोर्डवर असता तर बिघडल्यावर स्वस्तात सुटलं असतं. रॅम सोल्डर केलेली, वाढवता येत नाही. स्पेसबार चकाकायला लागलाय.

खोक्यावर ‘एमआयएल-एसटीडी-८१०एच’ असा शिक्का आहे. अमेरिकन लष्कराची चाचणी वगैरे ऐकायला भारी वाटतं, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते, आणि शिक्का देणारी कुठलीही लष्करी कचेरी नसते. कोपऱ्याला धरून हजारो वेळा झाकण उघडायची चाचणी घेतली होती का, ते खोक्यावर लिहिलेलं नाही.

घ्यावा का? एकट्याने वापरणार असाल, झाकण नीट उघडणार असाल आणि फोटोचं काम नसेल तर घ्या, पण दुकानात एका बोटाची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ती डिस्प्लेच्या लॅपटॉपवर न घेता तुमच्यासाठी खोक्यातून निघेल त्यावर घ्या. घरात दोन-तीन जण वापरणार असतील तर झाकण थोडं जाड असलेला, पूर्ण प्लास्टिकचा पण हिंज सैल असलेला मी जास्त पसंत करीन. माझी वॉरंटी दिवाळीला संपते. दोन वर्षं वाढवून घेण्यासाठी सेंटरमधून फोन येतायत. त्यात हिंज आणि सी कव्हर धरलंय का, एवढंच मेलवर लेखी मागितलंय. फोनवर ‘हो सर, सगळं कव्हर होतं’ म्हणतात, मेलला उत्तर नाही. ते येईपर्यंत पैसे भरणार नाही.