लूपव्हील की साधा जाड टी-शर्ट? माझ्यासाठी शिवणीनं निकाल लावला

जाडसर, शंभर टक्के सुती आणि बरीच वर्षं टिकेल असा टी-शर्ट शोधायला लागलं की गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक म्हणजे आजच्या वेगवान गोल यंत्रावर विणलेल्या चांगल्या कापडाचा, बाजूला शिवण असलेला. दुसरा लूपव्हीलवरचा, म्हणजे कापड अगदी सावकाश विणणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोल यंत्रावरचा, किंमत कित्येक पट. मी दोन्ही वापरतो.

लूपव्हीलची मुख्य ठिकाणं आता दोनच म्हणावी लागतील, जपानमधलं वाकायामा आणि दक्षिण जर्मनीतला श्वेबिश आल्ब हा डोंगराळ परिसर. १९११ पासूनचं मेर्झ बी. श्वानेन हे कपड्यांच्या ब्रँडचं नाव तिथलंच. मध्ये बंद पडलेलं हे नाव २०११ मध्ये पुन्हा बाजारात आलं. वाकायामात ही यंत्रं छताच्या तुळईला टांगलेली असतात आणि तासाला जेमतेम मीटरभर कापड उतरतं. आधुनिक यंत्र कापड रोलरनं खाली ओढून घेतं. लूपव्हीलवर ते आपल्याच वजनानं हळूहळू खाली येतं, त्यामुळे सुताला ताण बसत नाही आणि टाके दबत नाहीत.

हाताला फरक कळतो का? नवा असताना फारसा नाही, निदान मला तरी. उत्तम कोम्ब्ड, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेल्या सुताचा साधा टी-शर्टही तितकाच मऊ लागतो. गळपट्टी सैल पडणं, काखेत कापड विरणं याबाबतीतही यंत्रापेक्षा सूत आणि शिलाई जास्त महत्त्वाची, असं माझं मत आहे. तेवढ्यासाठी इतके पैसे मोजा, असं मी कुणाला सांगणार नाही.

मला छळलं ते शिवणीनं. माझा साधा टी-शर्ट कापडाला खरोखर दणकट आहे, पण काही धुण्यांनंतर त्याची डावी शिवण पुढे सरकायला लागली. काखेतून सरळ खाली यायची ती तिरकी होत पोटावर आली, उजवी पाठीकडे गेली आणि खालची कड एका बाजूला लोंबायला लागली. ओढून सरळ करावी तर गळा वाकडा होतो. इस्त्रीनं बसवली तरी पुढच्या धुण्यात पुन्हा तिथेच. दिवसभर नकळत हात तिकडे जात राहतो. कापड धड असताना केवळ या पिळामुळे टी-शर्ट मागे पडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण साधं आहे. सुतात मुळात पीळ असतो आणि धुतल्यावर तो मोकळा व्हायला बघतो. त्यात वेगवान यंत्रात एका फेऱ्यात अनेक धागे एकदम विणले जातात, म्हणून ओळी मुळातच थोड्या तिरप्या पडतात. लूपव्हीलमध्ये धागे मोजकेच, त्यामुळे तिरपेपणा कमी. शिवाय अंगाचं कापड नळीसारखं अखंड, म्हणजे सरकायला बाजूची शिवणच नाही. माझा लूपव्हील टी-शर्ट इतका धुऊनही अंगावर सरळ बसतो. मात्र बाजूला शिवण नाही म्हणजे लूपव्हीलच, असं धरून चालू नका. स्वस्तातले कितीतरी टी-शर्टही नळीसारखेच विणलेले असतात आणि तेही पिळतात.

लूपव्हीलची अडचण मापाची. यंत्राचा घेर ठरलेला, त्यामुळे प्रत्येक मापाला वेगळं यंत्र लागतं आणि कमरेला आकार मिळत नाही. दोन मापांच्या मधल्या माणसाला किंवा अंगासरशी बसणारा टी-शर्ट आवडणाऱ्याला साधाच बरा पडेल. रोज तेलाग्रीसमध्ये काम असेल तरीही साधाच घ्यावा. बाकीच्यांनी जमत असेल तर तीन साध्यांऐवजी एक लूपव्हील घेऊन बघायला हरकत नाही. फक्त छातीचं माप नीट घ्या. घेर जास्त झाला तर शिंपी बाजूनं आत घेऊन देईल, पण मग ज्या शिवणीपासून सुटका हवी होती तीच पुन्हा येईल.