सीसीएनपी एन्टरप्राइझ: एन्कोरला तीन स्टार, एनार्सीला पाच, क्लासला दीड

सीसीएनपी, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, करू का, खर्च किती येतो, फायदा होतो का. आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच, बहुतेक वेळा एनओसीतली (रात्रंदिवस नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूममधली) पोरं, नाइट शिफ्ट सुटल्यावर टपरीवर चहा पिताना. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सिस्कोची नाही, कुठल्या क्लासची नाही, स्वतःच्या खिशातनं पैसे भरले, एकदा नापास झाले, मग पास झाले, आणि आता हिंजवडीत एल३ला, म्हणजे सपोर्टच्या तिसऱ्या, वरच्या पायरीवर आहे.

आधी पैशाचं बोलू, कारण खरा प्रश्न तोच असतो. दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली कोअर, नंबर ३५०-४०१, सगळे तिला एन्कोर म्हणतात, ४०० डॉलर. दुसरी तुमच्या आवडीची कॉन्सन्ट्रेशन, मी ३००-४१० म्हणजे एनार्सी घेतली, ३०० डॉलर. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले ८२६ डॉलर, माझ्या वेळच्या भावानं सत्तर हजाराच्या आसपास. आणि एन्कोर दोनदा द्यावी लागल्यामुळं अजून चाळीसेक हजार वर गेले ते वेगळेच. बाबांना कराडला फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "एवढ्यात म्हैस आली असती की गं." आली असती, खोटं कशाला बोलू.

जुन्या लोकांचं ऐकून गोंधळू नका. त्यांच्या काळी रूट, स्विच, टीशूट अशा तीन परीक्षा होत्या आणि आधी सीसीएनए, म्हणजे खालच्या पायरीचं सर्टिफिकेट, लागायचं. २४ फेब्रुवारी २०२० पासून ते सगळं बदललं, आता सीसीएनए नसलं तरी थेट बसता येतं. बसता येतं म्हणजे बसावं असं नाही हां. सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे छोटे गट पाडणं) करायला कॅल्क्युलेटर लागत असेल तर अजून थांबा.

एन्कोर. हिला मी तीन स्टार देते आणि ते पण थोडं हात सैल सोडूनच. मी दिली तेव्हाच्या ब्लूप्रिंटमधे, म्हणजे सिलॅबसमधे, इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के, सिक्युरिटीला २०, आर्किटेक्चर आणि ऑटोमेशनला १५-१५, व्हर्च्युअलायझेशन आणि नेटवर्क ॲश्युरन्सला १०-१०. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ओएसपीएफ, स्पॅनिंग ट्री, वायरलेस, क्यूओएस, व्हीएक्सलॅन, पायथन, नेटकॉन्फ, सगळ्याला नुसतं बोट लावायचं आणि पुढं सरकायचं. एसडी-ॲक्सेस आणि एसडी-वॅनचा (सॉफ्टवेअरनं सगळं नेटवर्क एका जागेवरनं चालवायचा) चॅप्टर वाचताना तर मला कळेना की मी अभ्यास करतेय का सेल्सवाल्यानं ठेवून गेलेलं ब्रोशर वाचतेय. कुठला बॉक्स काय काम करतो, त्याचं नाव काय, हे घोकायचं. आणि सिस्कोला नावं बदलायची भारी हौस, घोकलेलं नाव परीक्षेपर्यंत तेच राहील याची गॅरंटी नाही.

ऑटोमेशनचा भाग मात्र मला आवडला, जरी मी त्यातच पहिल्यांदा मार खाल्ला तरी. जेसन हा डेटा लिहायचा फॉरमॅट वाचता येणं, त्या डेटाचा साचा म्हणजे यँग मॉडेल काय असतं, प्रोग्रॅममधनं राउटरशी बोलायचं तर नेटकॉन्फ ८३० पोर्टवर एसएसएचवरून चालतं आणि रेस्टकॉन्फ एचटीटीपीएसवरून, हे एकदा हातानं करून बघितलं की भीती जाते. सिस्कोचा डेव्हनेट सँडबॉक्स, म्हणजे सरावाची ऑनलाइन लॅब, फुकट आहे, तिथं जाऊन दोनचार गेट रिक्वेस्ट मारल्या की पन्नास पानं वाचल्याचं काम होतं.

नापास का झाले ते सांगते. प्रश्न सांगता येत नाहीत, सुरुवातीलाच एनडीएला हो म्हणावं लागतं, पण पद्धत सांगायला हरकत नाही. १२० मिनिटं, शंभराच्या आसपास प्रश्न, आणि त्यात लॅबवाले प्रश्न असतात जिथं खरोखर कमांड टाकायच्या असतात. पुढं गेलं की मागं येता येत नाही. हे मला माहीत होतं, तरी एका लॅबवर मी इतका वेळ घातला की विचारू नका, कारण समोर कमांड लाइन दिसली की आपल्यातला एनओसीवाला जागा होतो, ते पूर्ण नीट झाल्याशिवाय सोडवत नाही. शेवटचे वीसेक प्रश्न मी अक्षरशः डोळे मिटून टिचक्या मारल्या. बाहेर आल्यावर हातात रिपोर्ट, सेक्शनवार टक्के, ऑटोमेशनचा आकडा तर कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. दुसऱ्या वेळी मनाशी ठरवलं की लॅबला ठरावीक मिनिटं, त्याच्या पलीकडं जीव अडकला तरी पुढं जायचं. पास झाले.

घरून पण देता येते परीक्षा, पण आमच्या वाकडच्या टू बीएचकेत ते शक्य नाही. खोलीत कुणी यायचं नाही, आवाज नको, टेबलावर कागदसुद्धा नको. सासूबाईंना तीनदा समजावलं तरी त्या दोन तासांत "चहा ठेवू का गं" म्हणून दार उघडणार म्हणजे उघडणार, ते त्यांच्या रक्तातच आहे. मी सेंटरलाच गेले.

आता एनार्सी. पाच स्टार, सहा असते तर सहा. ९० मिनिटांची परीक्षा, पण तिच्या तयारीत जे शिकले त्यावर माझं घर चालतंय. ओएसपीएफ, ईआयजीआरपी, बीजीपी (राउटरांनी एकमेकांना रस्ते, म्हणजे रूट, सांगायच्या तीन पद्धती), रिडिस्ट्रिब्युशन (एका पद्धतीतले रूट दुसरीत घालणं), डीएमव्हीपीएन, व्हीआरएफ, आणि हे सगळं मोडल्यावर कसं शोधायचं.

रिडिस्ट्रिब्युशनवर मी तीन आठवडे बसले होते. दोन राउटर, दोघंही ओएसपीएफ आणि ईआयजीआरपीच्या मधे उभे, दोघंही इकडचे रूट तिकडं आणि तिकडचे इकडं करतायत. ईआयजीआरपीच्या एक्सटर्नल (बाहेरनं आलेल्या) रूटचा एडी, म्हणजे भरवशाचा आकडा, जितका लहान तितका पसंत, १७०, ओएसपीएफचा ११०. आता एक एक्सटर्नल रूट पहिल्या राउटरनं ओएसपीएफमधे ढकलला, तो फिरून दुसऱ्या राउटरकडं ओएसपीएफमधनं ११० घेऊन आला, आणि दुसरा राउटर शेजारचा सरळ रस्ता सोडून लांबच्या रस्त्याला लागला, कारण ११० हा १७० पेक्षा लहान. नशीब वाईट असेल तर तिथंच लूप. मग रूट मॅपमधे टॅग लावायचा, परत येताना तो टॅग दिसला की अडवायचं. वाचताना हे दोन ओळींचं आहे, पण मला समजलं ते एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाण काढून काढून, आणि ते पण पाचव्या पत्रिकेला. त्या वर्षी आमच्याकडं लग्नं भरपूर होती ते बरं झालं.

दुसरी गोष्ट कामावरची. मी तेव्हा एल१ला, रात्री दोन वाजताचा कॉल, एका क्लायंटच्या ब्रँचचे रूट गायब. टनेल अप, पिंग जातोय, पण ओएसपीएफचा नेबर (समोरचा राउटर) एक्सस्टार्टला, म्हणजे बोलणं सुरू व्हायच्या पायरीवरच, अडकलेला, पुढं जाईना. रनबुकात (बिघाडाला काय करायचं त्याच्या यादीत) लिहिलेलं की आयएसपीला तिकीट टाका आणि वाट बघा. मी पण आधी तेच केलं असतं. पण त्याच आठवड्यात मी घरच्या लॅबमधे मुद्दाम एका बाजूला आयपी एमटीयू (एक पॅकेट जास्तीत जास्त केवढं असू शकतं तो आकडा) १४०० टाकून बघितलं होतं काय होतं ते, आणि स्क्रीनवर हेच, अगदी हेच दिसलं होतं. सुरुवातीच्या डीबीडी पॅकेटमधे एमटीयू जातो, समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट घेतच नाही, दोघं आपले नमस्कार करत उभे, बोलणं काही सुरू होत नाही. छोटा पिंग मात्र आरामात जातो म्हणून सगळ्यांना वाटतं लिंक ठीक आहे. दोन्ही टोकं बघितली, संध्याकाळच्या चेंजमधे एका टोकाला १४०० टाकलेलं, दुसरं राहून गेलेलं. एक ओळ टाकली, नेबर फुल झाला. कॉलच्या ब्रिजवर सात माणसं होती, क्षणभर कुणी बोललं नाही, मग क्लायंटकडच्या माणसानं विचारलं, "मॅडम, तुमचं नाव परत सांगता का?"

तेव्हा माझ्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, एन्कोरला नापास झालेली होते मी.

क्लासचं नाव लिहीत नाही, पुण्यातलाच आहे, वीकेंड बॅच, ३८ हजार फी. सर बीजीपी फार सुंदर शिकवायचे, वेट, लोकल प्रेफरन्स, एएस पाथ, मेड, ही रस्ता निवडायची उतरंड माझ्या डोक्यात बसली ती त्यांच्यामुळंच, दीड स्टार आहे तो त्यांचा. बाकी आनंद. ऑटोमेशन एका रविवारी दुपारी पीपीटी वाचून उरकलं. "चोवीस तास रॅक" (सरावाचे राउटर) म्हणून जाहिरात, आणि रॅकवर एकाच वेळी चार जण, मी कॉन्फिग टाकतेय तोवर दुसरा कुणीतरी रीलोड मारतोय. शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर डंपची, म्हणजे परीक्षेतल्या चोरलेल्या प्रश्नांची, पीडीएफ आली, "एवढं केलं तरी पुरे" असा मेसेज. मी ग्रुप सोडला. फार तत्त्वनिष्ठ वगैरे आहे म्हणून नाही, सिस्को पकडलं तर बॅन करतं आणि माझे एक लाख दहा हजार गेले होते आधीच. डंपवर पास झालेले दोघं नंतर आमच्याकडं इंटरव्ह्यूला आले होते, तिसऱ्या प्रश्नाला गप्प. एकाला विचारलं ओएसपीएफमधला एनएसएसए एरिया कशासाठी वापरशील, त्यानं व्याख्या पाठ म्हणून दाखवली, आणि "मग स्टब का नाही" म्हटल्यावर पाण्याचा ग्लास उचलला.

त्या ३८ हजारात मी आज काय घेतलं असतं? लॅपटॉपला रॅम, ३२ जीबी करा, डोळे झाकून करा. लॅपटॉपवर चालणाऱ्या आभासी राउटरांचे (त्यांना नोड म्हणतात) जुने आयओएसव्ही इमेज हलके असतात पण कॅटॅलिस्ट ८००० व्ही एकेक नोड ४ जीबी खातो, तीन लावले की १६ जीबीवाला लॅपटॉप पंख्यासारखा वाजायला लागतो. आणि सीएमएल पर्सनल, सिस्कोचं लॅबचं सॉफ्टवेअर, वर्षाला १९९ डॉलरला घेतलं मी, २० नोड चालतात, इमेज सिस्कोचेच, चोरीचा मामला नाही. पाच नोडवालं फुकट व्हर्जन पण आलंय, सुरुवातीला तेवढं बास. ईव्ह-एनजी, जीएनएस३ ही तसलीच सॉफ्टवेअर पण उत्तम, फक्त इमेज तुम्हाला आणावे लागतात आणि ते कुठनं आणायचे हे कुणी उघड सांगत नाही. लॅमिंग्टन रोडवरनं जुने स्विच आणायचा मोह होतो, माझ्या नवऱ्यानं दोन आणले होते हौसेनं. आवाज असा की शेजारच्यांनी विचारलं गिरण टाकलीय का. एक अजून माळ्यावर आहे.

नोकरीचं खरं खरं सांगायचं तर सर्टिफिकेट आल्यावर त्याच कंपनीत माझा पगार एक रुपया वाढला नाही. मॅनेजरनं टाळ्यांचा इमोजी टाकला. पण नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइलला सीसीएनपी लिहिलं आणि फोन यायला लागले, कारण एचआरला एमटीयू कळत नाही, तो शब्द कळतो. पार्टनर कंपन्यांना तर सिस्कोकडं दाखवायला सर्टिफाइड माणसं मोजून लागतात, तिथं त्या कागदाला सरळ भाव आहे. तीन इंटरव्ह्यू दिले, तिन्हीकडं एनार्सीतलंच विचारलं, एसडी-ॲक्सेस एकानंही नाही. आणि गंमत बघा, जॉइन झाल्यावर पहिलाच प्रोजेक्ट एसडी-वॅनच्या मायग्रेशनचा, म्हणजे ज्या चॅप्टरला मी नावं ठेवली तोच परत काढून बसले. पण तो तेव्हा पटापट कळला, कारण आत ओव्हरले-अंडरलेच्या (नेटवर्कवर चढवलेल्या नेटवर्कच्या) खाली शेवटी रूटिंगच आहे.

"क्लाउड आलं, नेटवर्किंग संपलं" म्हणणारे भेटतात. ॲमेझॉनचं डायरेक्ट कनेक्ट घ्या नाहीतर अझरचं एक्सप्रेसरूट, कंपनीच्या राउटरला त्यांच्याशी बीजीपीच बोलावं लागतं. आमच्या घरी बीजीपी हा शब्द कळला तो ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, फेसबुक-व्हॉट्सॲप सहाएक तास बंद होतं तेव्हा. बॅकबोनवरच्या एका चुकीच्या कमांडनंतर त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे रूटच जगाला दिसेनासे झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझं ते बीजीपी बिघडलं का?" तेव्हापासनं घरात वायफाय गेलं तरी दोष बीजीपीलाच.

सीसीआयईचं, म्हणजे सीसीएनपीच्या वरच्या सर्टिफिकेटचं पण विचारतात. एन्कोर पास असली की त्याच्या लॅबला बसता येतं, आठ तासांची असते, तीन तास डिझाइन आणि पाच तास प्रत्यक्ष काम. नंबर मिळतो, १९९३ पासून देतायत, १०२४ पासून सुरुवात आणि तो पहिला नंबर म्हणे लॅबलाच दिलेला. मला हौस आहे, पण मुलगी पहिलीत आहे आणि आठ तास सलग बसायची प्रॅक्टिस आमच्या घरात फक्त ती टीव्हीसमोर करते. सध्या तीन वर्षांनी सीसीएनपी रिन्यू करायचं तेच बघतेय, ८० सीई क्रेडिट (शिकत राहिल्याचे गुण) जमवा नाहीतर कोअर परत द्या. सिस्को अधनंमधनं एखादा फुकट कोर्स देतं, त्यात काही क्रेडिट पदरात पडतात, बाकीच्याचं अजून ठरायचंय.

परवा चुलतभावाचा फोन, साताऱ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, त्याच क्लासचं नाव घेऊन म्हणाला ताई ऑफर चाललीय, रविवारपर्यंत फी भरली तर पाच हजार कमी. त्याला म्हटलं आधी लॅपटॉप उघडून त्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे का बघ आणि मला फोटो पाठव. अजून पाठवला नाहीये.