रेडकॅप: अनेक केंद्रांच्या अभ्यासाला पुरे पडते का?

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात 2004 मध्ये तयार झालेले रेडकॅप, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची माहिती गोळा करण्याचे सॉफ्टवेअर, ना-नफा संस्थांना परवाना शुल्काशिवाय मिळते. खर्च येतो तो स्वतःच्या सर्व्हरचा आणि तो सांभाळणाऱ्या माणसाचा. डॉक्टरांनीच उभ्या केलेल्या, चार-सहा रुग्णालयांत चालणाऱ्या अभ्यासासाठी पैशाच्या मानाने याहून चांगले काही हाताशी नाही. पण ते कुणाचा हात धरत नाही, हे आधीच ओळखून कामाला लागावे.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे डेटा ॲक्सेस ग्रुप. प्रत्येक केंद्राचा एक ग्रुप केला की नाशिकच्या नोंदी नागपूरला दिसत नाहीत. मेख इथेच आहे: ज्याला कोणताच ग्रुप दिलेला नाही, त्याला सगळ्या केंद्रांचे रुग्ण दिसतात. म्हणून नवा माणूस घेताना आधी ग्रुप द्या, मग लॉगिन कळवा. ग्रुपमधून उघडलेल्या नोंदीचा क्रमांक 12-5 असा पडतो. नोंदी निर्यात केलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडली की 12-5 ची तारीख होते, आणि तीच फाइल परत चढवली तर नोंदी जुळत नाहीत. तो स्तंभ ‘टेक्स्ट’ म्हणूनच आयात करा. नोंद पुढे दुसऱ्या ग्रुपमध्ये हलवली तरी क्रमांक जुनाच राहतो, त्यामुळे त्यावरून केंद्र ओळखू नका.

दुसरी गोष्ट मर्यादांची. हिमोग्लोबिनला 3 ते 20 अशी मर्यादा घातली आणि कुणी 112 टाकले, तर सूचना येते, पण आकडा जतन होतोच. अनिवार्य रकान्याचेही तेच. तो रिकामा ठेवून पुढे जाता येते. रात्रपाळीत अडकलेल्या नर्ससाठी ही ढील योग्यच आहे, मात्र मागून तपासणी हवीच. रेडकॅपच्या ‘डेटा क्वालिटी’ या भागातले तयार नियम दर आठवड्याला चालवा: ‘डी’ मर्यादेबाहेरचे आकडे काढतो, ‘एफ’ आधीच्या उत्तरामुळे लपलेल्या रकान्यांत उरलेली उत्तरे. ‘एफ’कडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि विश्लेषणात पुरुषांच्या नावावर गर्भारपण निघते ते त्यामुळेच.

पर्यायांचे कोड, म्हणजे प्रत्येक उत्तरामागचा आकडा, पहिल्या रुग्णाआधी ठरवून टाका. ‘1, हो | 2, नाही’ हे मधेच उलटे केले, तर आधी भरलेल्या प्रत्येक ‘हो’चा ‘नाही’ होतो. नवा पर्याय नव्याच आकड्याने जोडा. जुना आकडा पुन्हा वापरू नका.

नेट नसलेल्या गावांसाठी मोबाइल ॲप आहे. दोन टॅब्लेटवर एकच क्रमांक तयार झाला, तर सर्व्हरवर पाठवताना तो बदलावा लागतो आणि कागदी फॉर्मशी ताळमेळ सुटतो. रुग्णाचा अभ्यास क्रमांक वेगळ्या रकान्यात लिहिला तर ती नोंद पुन्हा सापडते.

निर्यातीत ओळख काढून टाकता येते, तारखाही प्रत्येक रुग्णामागे 0 ते 364 दिवस मागे सरकवता येतात. पण ओळख काढायची तर नाव, फोन, पत्ता हे रकाने फॉर्म बांधतानाच ‘आयडेंटिफायर’ (ओळख पटवणारे) म्हणून खूण केलेले असावे लागतात.